घरच्यापुरती येळवस

आमच्या नांदेडच्या घरात ‘तुम्ही मूळचे कुठले’ हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नसे, कारण उत्तर संपेपर्यंत चहा गार झाला असता. बापूजींचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, पणजोबा निजामाच्या फौजेत भरती होऊन पंजाबातून इकडे आले आणि परत गेलेच नाहीत. घोडा त्यांनी तिकडचा आणला होता म्हणे, बायको मात्र इकडचीच केली. ती निजामाबादकडची, तेलुगू बोलणारी. तिच्या मुलाने देगलूरच्या बाजूची कानडी बोलणारी केली. असं करत करत आमच्यापर्यंत येईतो पंजाबचं म्हणून जे उरलं ते पगडी, हातातलं कडं आणि नावापुढचं सिंग-कौर. बाकी आम्ही अंबाडीचं वरण खाणारे, घरात दखनी बोलणारे आणि भांडण पेटलं की मराठीवर येणारे लोक. गावातले आम्हाला सरदार म्हणत. पंजाबातून गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आलेले खरे सरदार आमचं बोलणं ऐकून एकमेकांकडे बघत आणि मग आम्हाला फार प्रेमाने वागवत, जसं दूरच्या गरीब नातेवाइकाला वागवतात तसं.

हल्ली माझ्या नातीच्या मैत्रिणी घरी येतात आणि दोन वेगळ्या जातीतल्या कुणाचं लग्न ठरलं की तासभर त्यावरच बोलतात. मी ऐकत बसते. आमच्या घरात तो बोलण्याचा विषय नव्हता, स्वयंपाकाचा होता. बापूजींच्या आईला आम्ही बीबी म्हणायचो. बीबीचा एक नेम होता, तो तिने तिच्या सासूकडून घेतलेला. बाहेरून सून आली की पहिल्याच दिवशी परसात तिच्यासाठी मातीची एक वेगळी चूल थापायची. वर्षभर तुझं तू रांध, तुझ्या आईच्या हातचं जे येत असेल ते कर, मग जिवाला वाटलं तर आमच्या चुलीवर ये, न वाटलं तर नको येऊ. बहुतेक सुना चार-सहा महिन्यांत धुराला कंटाळून मोठ्या चुलीवर येत. माझी आई कधीच आली नाही. तिची चूल लिंबाच्या झाडाखाली होती आणि रविवारी मोठ्या चुलीवर मटण चढलं की ती आपल्या चुलीपुढे एक फळी आडवी उभी करून बसायची. बीबी म्हणायची, “तेरे को वास आता तो हवा को बोल, मेरे को नक्को बोल.” पण आईसाठी शेजारून ताक मागून आणायची तीसुद्धा बीबीच.

आईचं माहेरचं नाव बसम्मा. चाकूरजवळच्या एका गावातल्या लिंगायत घरातली ती. वडिलांची काळी जमीन, शिवाय चाकूरला तुरीची, ज्वारीची आडत. बापूजी तेव्हा लॉरी चालवत आणि त्यांच्या आडतीतला माल लातूरच्या, नांदेडच्या मोंढ्यात नेत. त्या येण्याजाण्यात हे कसं जमलं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण आईला जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा तिने वेगळी गोष्ट सांगितली. एकदा म्हणाली, विहिरीवरचं इंजिन बिघडलं होतं ते यांनी दुरुस्त केलं. एकदा म्हणाली, यांनी काही केलं नाही, ते आपोआप सुरू झालं. बाजाराच्या दिवशी भर दुपारी ती लॉरीत बसली आणि नांदेडला आली. गुरुद्वाऱ्यात लग्न लागलं तेव्हा बसम्माची बसंतकौर झाली. निघताना तिने गळ्यातलं इष्टलिंग काढून देवळीत ठेवलं होतं. लिंगायताच्या गळ्यात जन्मल्यापासून ते असतं आणि मेल्यावर त्याच्याबरोबरच मातीत जातं. मांसमच्छी रांधणाऱ्या घरात ते न्यावं की नाही हे तिला ठरवता आलं नाही, आणि विचारायला कुणी नव्हतं. नांदेडला ती रोज अंघोळ झाली की कपाळाला तीन बोटांनी भस्म लावायची. त्यावर कुणी काही म्हणत नव्हतं.

तिच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, गावात सांगितलं की माझी लेक मेली. दिवस घातले, जंगमाला बोलावलं, लोक जेवून गेले. हे आईला उडत उडत कळलं होतं. ती त्याबद्दल फार बोलत नसे, पण एकदा पापड लाटता लाटता म्हणाली होती की माझ्या तेराव्याला काय केलं होतं कुणास ठाऊक, अव्वाच्या हातची गव्हाची खीर असणार. अव्वा म्हणजे तिची आई. आईला माहेरचं एकच माणूस हवं होतं आणि ते अव्वा होतं. पण मेलेल्या लेकीकडे कुठली आई येते? अप्पांनी चारचौघांत लेक जिवंत आहे असं म्हटल्याशिवाय अव्वाला उंबरा ओलांडता येणार नव्हता, आणि अप्पा तसं म्हणतील अशी आशा अख्ख्या जगात फक्त आईलाच होती.

मी चौथीत होते तेव्हा दुष्काळ पडला. आधीच्या वर्षी पाऊस कमी होता, त्या वर्षी तो आलाच नाही. बापूजी तोवर लॉरी सोडून बांधकाम खात्यात रोलरवर लागले होते. जिकडे तिकडे दुष्काळी कामं निघाली होती, रोलर कमी आणि रस्ते जास्त, त्यामुळे ड्रायव्हरला आज इथे तर उद्या तिथे पाठवत. दिवाळीनंतर त्यांना चाकूरकडच्या एका कामावर टाकलं. मोठ्या रस्त्यापासून आत एका गावापर्यंत जाणारा तो रस्ता होता, आणि ते गाव आईचं होतं. बापूजींनी हे आईला सांगितलं ते मान खाली घालून, कामात काही चूक झाल्यासारखं. आईने त्याच संध्याकाळी पेटी भरली. बीबी म्हणाली पोरीची शाळा बुडते, तर आई म्हणाली बुडू द्या, शाळेत तरी कुठे पाणी आहे.

आम्ही रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या एका खोलीत राहिलो. त्या महिन्यांचा मला आधी आवाजच आठवतो. उजाडायच्या आत खडी फोडायला सुरुवात व्हायची. शंभर-दीडशे बायाबाप्ये एका ओळीत बसून दगडावर हातोडी मारत, आणि एका तालात नाही, प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे ते टकटकणं कानात शिरलं की जेवतानासुद्धा चालूच आहे असं वाटायचं. मध्येच रोलरची धकधक. दुपारी पोरांना सुकडी वाटत. ती गोड असायची म्हणून आम्ही पोरं खूश, मोठी माणसं मात्र तिच्याकडे बघायची नाहीत. भाकरी लाल ज्वारीची. बाहेरदेशातून आलेली ती ज्वारी कशाने लाल होती कुणास ठाऊक, पण तिची भाकरी थापताना आईचं तोंड वाकडं होई. “ह्येला चव बी न्हाई आन् जात बी न्हाई,” ती म्हणायची. बापूजी म्हणायचे, मग आपल्याच घरातली दिसती.

खडी फोडणाऱ्यांत काशीबाई नावाची एक बाई होती. ती आईच्याच गावची, लहानपणी आईबरोबर शेण गोळा करायला जाणारी. तिने पहिल्या दिवशी आईला बघितलं आणि हातोडी खाली ठेवली. दुसऱ्या दिवसापासून ती आमच्याकडे पाणी प्यायला यायची आणि गावची बातमी देऊन जायची. अव्वाचे गुडघे गेले. मामा उदगीरला दुकान बघतो, मामी बाळंतपणाला माहेरी गेली. घरात दोघं म्हातारीच. अप्पांना सगळं माहीत होतं, सरदारजीच्या रोलरवर कोण भाकरी घेऊन येतं तेही. म्हणून चाकूरला जाताना ते आमच्या रस्त्याने येत नसत, ओढ्याच्या बाजूने जात. रोलर जसजसा पुढे सरकला तसतसा त्यांचा वळसा वाढत गेला. एकदा मी लांबून एक पांढरा फेटा ढेकळांतून चाललेला बघितला आणि आईला विचारलं की रस्ता सोडून हा माणूस असा का जातो. आई म्हणाली, “त्येला चालायची हौस हाय.”

मार्गशीर्षातली अमावस्या जवळ आली. आमच्या लातूरकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि माणसं रानात जातात. कडब्याची कोप उभी करायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि जेवायचं. सगळ्या पालेभाज्या, शेंगा, ओल्या हरभऱ्याचे सोलाणे ताकात बेसन लावून शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडकंभर आंबील. ज्याला रान नाही त्याला ज्याला आहे तो बोलावतो. जात, धर्म, ओळख काही बघत नाहीत. रस्त्याने जाणाऱ्यालासुद्धा हाक मारतात. त्या दिवशी रानात आलेल्या माणसाला न जेवता परत पाठवणं म्हणजे रानाचाच अपमान. नांदेडच्या घरातही आई त्या दिवशी लिंबाखाली भज्जी करायची आणि मोठ्या चुलीवरची सगळी माणसं तिच्या चुलीपुढे येऊन बसायची.

आईचा बेत सरळ होता. लेक म्हणून जाता येत नाही ना, मग वाटेने जाणारी म्हणून जायचं. येळवशीला अप्पांना तिला हाकलता येणार नव्हतं. तीन-चार दिवस ती स्वतःशीच गुणगुणत होती. आणि मग काशीबाईने बातमी आणली की गावात दवंडी झाली. रानात काही नाही, भाज्या लातूरहून आणाव्या लागणार, आणि कामावर शेकडो उपाशी माणसं बसलेली. बोलवायचं तर किती जणांना? म्हणून पंचांनी ठरवलं, यंदा येळवस घरच्यापुरती. कुणी कुणाला बोलावू नये, कुणी कुणाच्या रानात जाऊ नये. गावात असं कधी झालं नव्हतं असं काशीबाई पुन्हा पुन्हा सांगत होती.

आईचं गुणगुणणं थांबलं. बापूजींना वाटलं, चला, सुटलो. ते म्हणाले, “नक्को जाऊ बसंत. पाहुणी म्हणून गेली असतीस तर निदान जेवून आली असतीस. आता कोण म्हणून जाणार? तू तिथं मेलेली हाईस.” आई म्हणाली विचार करते. बापूजींच्या इतक्या वर्षांच्या संसारात विचार करते म्हटल्यावर तिने विचार केल्याचं एकही उदाहरण नव्हतं. अमावस्येच्या दिवशी तिने मला न्हाऊ घातलं, नवं परकर-पोलकं घातलं, स्वतः इरकली लुगडं नेसली, कपाळाला भस्म लावलं आणि आम्ही निघालो.

त्या रानाची अवस्था मी शब्दांत कशी सांगू. जमिनीला पडलेल्या भेगांत माझा हात कोपरापर्यंत गेला असता. विहिरीजवळ हरभऱ्याचा अंथरुणाएवढा एक हिरवा तुकडा होता, तेवढाच. कडबा सोन्याच्या भावाने जात होता, म्हणून कोप पाच पेंढ्यांची उभी केलेली, आणि बाजूला बांधलेले दोन बैल त्या कोपीकडेच टक लावून बघत होते. कोपीपुढे अप्पा आणि अव्वा दोघंच बसली होती. एवढ्या मोठ्या सणाला दोनच माणसं, म्हणजे कसं दिसत असेल. अव्वाने आम्हाला आधी बघितलं आणि पदर तोंडावर धरला. आई बांधावर थांबली. अप्पांनी मान वर केली नाही. ते पत्रावळीला काडी टोचत होते, ती टोचत राहिले.

“यंदा घरच्यापुरतंच हाय,” ते म्हणाले. “दवंडी ऐकली न्हाई का?”

“ऐकली,” आई म्हणाली. “म्हणूनशान आले.”

अव्वा उठायला लागली तर अप्पांनी हाताने तिला बसवलं. मग ते म्हणाले की घरची सगळी जेवली, आणि लेकीचा निवद तिकडं ठेवलाय. त्यांनी हनुवटीने दाखवलं तिकडे आम्ही बघितलं. रानाच्या आतल्या अंगाला घरातल्या मेलेल्या माणसांच्या समाध्या एका ओळीत होत्या. लिंगायत माणसाला बसवून पुरतात आणि वर ओटा बांधतात. पण अप्पांची हनुवटी ओळीकडे नव्हती. तिथून दूर, पार बांधाच्या कडेला, एक एकटा दगड रोवलेला होता. त्यावर भस्माचे ताजे पट्टे, बेलाचं पान, आणि पुढ्यात एक पत्रावळ.

आईला तो दगड माहीत नव्हता. काशीबाईला माहीत होता, पण तिने सांगितला नव्हता. आई तिथवर गेली आणि वळून तिने अव्वाला विचारलं की हे काय आहे. अव्वा बसल्या जागेवरून बोलली, आणि तिचं बोलणं मला आजही तसंच्या तसं आठवतं, कारण त्यात रडणं नव्हतं, घरातलं काम सांगावं तसा आवाज होता. “तुज्या गळ्यातला देव पुरलाय तिथं. ओळीत नगं म्हणले, म्हणून कडंला. मी दर येळवशीला वाढती तुला. पयली पत्रावळ तुजीच असती, मग आमी जेवतो.”

मी पुढे यावर पुष्कळ विचार केला. माणूस नुसतं घराबाहेर काढलं तर काही वर्षांनी विसरता येतं. मेलं म्हणून जाहीर केलं की मात्र पंचाईत होते, कारण मेलेल्याला दर वर्षी जेवू घालावं लागतं. अप्पांनी रागाच्या भरात जी शिक्षा निवडली तिने त्यांनाच बांधून ठेवलं होतं. लेक नांदेडला आपल्या चुलीवर भज्जी करत होती, आणि इकडे तिचे आईवडील तिला वाढल्याशिवाय घास घेत नव्हते.

आई त्या दगडाजवळ मांडी घालून बसली. पत्रावळ तिने पुढ्यात ओढली, उंडा फोडला, भज्जीत बुडवला आणि खायला लागली. अव्वा घाबरली. मेलेल्याचा निवद जित्या माणसाने खाल्ला तर आयुष्य सरतं म्हणतात. ती गुडघ्यांवर हात ठेवून कशीबशी उठली आणि ओरडली, “खाऊ नगं गं, पोरी, तो निवद हाय.”

“माजाच हाय न्हवं?” आई म्हणाली, आणि मला जवळ बसवून तिने खिरीचा घास माझ्या तोंडात घातला.

मी ती खीर खाल्ली. फार चांगली होती. अप्पा उभे राहून बघत होते. त्यांना वाटलं असेल उठवावं, पण कुणाला? मेलेल्या माणसाचा निवद मेलेल्या माणसाने खाल्ला होता, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. ते वळले, आंबिलीचं मडकं उचललं आणि रानाला फेरी घालायला निघाले. येळवशीला घरधनी आंबील शिंपडत रानाच्या कडेने फिरतो आणि ‘ओलगे ओलगे’ म्हणून हाळी देतो, मागून घरच्यांनी साद द्यायची असते. अप्पांनी हाळी दिली. अव्वाला साद देता येईना. दुसरं कुणी नव्हतं. अप्पा थांबले. रान एवढं मोकळं होतं की त्यांचा श्वास ऐकू येईल असं वाटलं. तेव्हा आईने तोंडातला घास गालात सारून, बसल्या जागेवरून, मोठ्याने साद दिली. लहानपणापासूनची सवय होती तिची. अप्पा मागे न बघता चालू लागले, आणि पुढच्या प्रत्येक हाळीनंतर सादेपुरते थांबत गेले.

फेरी संपायच्या आत आम्ही निघालो. संध्याकाळी बापूजींनी काय झालं म्हणून विचारलं, तर आई म्हणाली जेवून आले. दगडाचं तिने सांगितलं नाही, ते मी सांगितलं. बापूजी बाहेर जाऊन रोलरवर बसून राहिले. मला वाटतं, त्या दिवसापर्यंत आपण एका मुलीला पळवून आणलं एवढंच त्यांना वाटत होतं. आपण कुणाला मारलं आहे हे त्यांना तेव्हा कळलं. ते मला आवडलं नाही, कारण त्यात त्यांची काही चूक नव्हती.

पंधराएक दिवसांनी रस्ता गावाच्या शिवारात शिरला. नाशिककडचा एक तरुण ओव्हरसियर होता, तो पुढे जाऊन चुन्याने रेघ मारून घ्यायचा आणि मागून खडी पडायची. ती रेघ अप्पांच्या रानाच्या बांधावरून आली. ओळीतल्या समाध्या आत होत्या, त्यांना धक्का नव्हता. कडेचा एकटा दगड मात्र बरोबर रेघेवर होता. ओळीत नको म्हणून लांब ठेवला, तोच आडवा आला. कामावरच्या माणसांनी हातोड्या थांबवल्या. खबर गेली आणि अप्पा आले, या वेळी ओढ्याने नाही, सरळ खडीवरून. मी आणि आई बापूजींची भाकरी घेऊन तिथेच उभ्या होतो.

ओव्हरसियर माणूस सरळ होता. त्याने अप्पांना नमस्कार केला आणि म्हणाला की आजोबा, आत माणूस पुरलेला असेल तर मी रेघ वळवतो, कुणाच्या समाधीवरून मला रस्ता न्यायचा नाही. नुसता दगड असेल तर मात्र काढावा लागेल. तुम्ही सांगाल ते मी खरं मानतो. मग त्याने विचारलं, “कोण आहे यात?”

अख्ख्या कामाला ते माहीत होतं. पण कुणी बोललं नाही, कारण विचारलं अप्पांना होतं. त्यांनी ‘लेक’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. रेघ पलीकडे सरकली असती, दगड राहिला असता, आणि आई कायमची त्याच्याखाली राहिली असती. बापूजींनी रोलर बंद केला. आईच्या हातातल्या भाकरीच्या फडक्याची गाठ सुटली होती आणि ती बांधायचं तिला सुचत नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला तिची भीती वाटली, इतकं ते ताणलेलं होतं.

“कुणी न्हाई,” अप्पा म्हणाले. “रिकामा हाय.”

“मग दगड का ठेवलाय?”

“रागानं ठिवला.” मग त्यांनी फेटा सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “लेकीचा म्हणून ठिवला होता. लेक ती काय, तिथं उभी हाय.”

मजुरांतली एक बाई रडायला लागली, ती काशीबाईच असणार. आई रडली नाही. अप्पांनी कुणालाही हात लावू दिला नाही, स्वतः कुदळ घेतली, दगड उकरला आणि खालची माती हाताने बाजूला केली. एका लहान डबीत आईचं इष्टलिंग होतं. ती डबी त्यांनी धोतराला पुसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आईच्या समोर येऊन उभे राहिले.

“घे,” ते म्हणाले.

आईने दोन्ही हात मागे घेतले. “ठिवा तुमच्यापशीच, अप्पा. मेल्यावर लागंल.”

“तवर मी ऱ्हातो व्हय? तुजं तू संभाळ.”

तिने पदर पसरला आणि त्यांनी डबी पदरात टाकली. बापूजी रोलरवरून उतरून पाया पडायला आले तर अप्पा मागे सरकले. पाया पडून घेतलं नाही. भाकरी खाता का म्हणून आईने विचारलं, तर बाहेरचं खात नाही म्हणाले. असं सगळं एका दिवसात होत नसतं, आणि त्यांचं तर कधीच पुरतं झालं नाही. शेवटपर्यंत त्यांनी आमच्या घरात पाण्याशिवाय काही घेतलं नाही. पण जाताना ते आईकडे न बघता म्हणाले, “अव्वा वाट बघून ऱ्हायली हाय. सांजच्याला ये. पोरीला आण.” मग बापूजींनी रोलर सुरू केला, खड्डा भरून घेतला आणि त्यावरून पुढे-मागे दोनदा जास्तच फिरवला.

पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा बापूजींनी तिकडे बदली मागून घेतली. बीबी बरोबर आली आणि नव्या घरात आईच्या सांगण्याची वाट न बघता तिने परसात आईसाठी वेगळी चूल थापली. दर महिन्या-दोन महिन्यांनी आई एसटीने माहेरी जायची. त्याच रस्त्याने, कारण दुसरा नव्हताच. डांबर पडल्यावर ती जागा नेमकी कुठली हे कुणालाच सांगता येईना. एकदा गाडीत मी तिला विचारलं की आपण तिच्यावरून गेलो का. “मला काय म्हाईत,” ती म्हणाली, “मी काय खाली बघत बसते?” ती खिडकीतून पुढच्या थांब्याकडे बघत होती. गाडी यायच्या कितीतरी आधीपासून अप्पा तिथे येऊन उभे असायचे.